कॅक्टसचं काय करू? : वाचकांचे प्रश्न

मार्चमध्ये नर्सरीतून छोटे छोटे कॅक्टस आणले आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवले. उन्हाळाभर मस्त होते. जुलैत त्यातला एक गोल कॅक्टस बुडाशी मऊ पडला, हात लावला तर तपकिरी लगदाच! मी तर पंधरा दिवसांतून एकदाच पाणी देते, तरी असं का? – मानसी, डोंबिवली

मानसीताई, तुम्ही पंधरा दिवसांनी दिलंत हो, पण वरच्याने रोज दिलं त्याचं काय! ग्रिलमध्ये तिरका पाऊस येतोच, आणि समजा थेंबही आला नसता तरी आपल्या मुंबई-कोकणच्या हवेत जुलैत काही वाळत नाही, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओले राहतात तर कुंडीतली माती कुठून वाळणार. त्यात नर्सरीवाले छोटे कॅक्टस बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा, जो पाणी धरून ठेवतो) लावतात, कारण ते हलकं असतं, टेम्पोत हजार कुंड्या भरून आणायला बरं पडतं. त्यांचं बरोबरच आहे, पण घरी आणल्यावर ते बदलावं लागतं हे कुणी सांगत नाही.

आता जे उरलंय ते वाचवता येतं का बघा. झाड कुंडीतून काढा, माती झटका. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि मऊ भागाच्या वरून आडवा काप द्या. कापलेल्या जागी मधोमध एक गोल कडं दिसेल, ती झाडाची पाणी नेणारी नळी. त्या कड्यात एक जरी तपकिरी ठिपका दिसला तरी अजून वर कापायचं, प्रत्येक कापाला सुरी परत पुसायची, एकदम स्वच्छ हिरवट-पांढरं लागेपर्यंत. जीव दुखतो कापताना, पण ठिपका राहिला तर सड परत चढणार म्हणजे चढणारच. मग बुरशीनाशक पावडर लावून तो तुकडा सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात ठेवून द्या. एरवी आठवड्यात खपली धरते, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. खपली हाताला कडक लागेपर्यंत मातीत ठेवायचा नाही, आणि ठेवल्यावरही लगेच पाणी नाही.

मातीचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त भाग खडबडीत माल हवा: बांधकामाची जाड रेती चाळून, धुऊन, बारीक धूळ काढून टाकलेली, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, मिळालं तर परलाइट किंवा प्युमिस (नर्सरीत मिळणारे हलके, सच्छिद्र खडे). बाकी लाल माती आणि थोडं गांडूळखत. चौपाटीची वाळू अजिबात नको, खारट असते. काळी माती पण नको, ती पाणी धरून बसते. भरलेल्या कुंडीत मगभर पाणी ओता, ते वर साचून न राहता काही सेकंदात खालून निघायला पाहिजे.

आणि ते "पंधरा दिवसांतून एकदा" सोडून द्या. कॅलेंडर डोंबिवलीत आणि जळगावात सारखंच असतं, हवा नसते. उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसा, थोडा वेळ ठेवून बाहेर काढा, ओल किंवा माती चिकटून आली तर पाणी नाही. कोरडी आली तर मात्र भरपूर द्यायचं, चमचा-चमचा नाही. पावसाळ्यात ग्रिलवर पारदर्शक शीट टाका पण बाजू उघड्या ठेवा, सगळं बंद केलंत तर आत वाफ कोंडते आणि बुरशी येते.

मे महिन्यात गच्चीवरच्या कॅक्टसला पिवळट-पांढरे चट्टे पडले. वाळवंटातलं झाड ना हे? – अकोल्याचे एक काका

काका, सगळेच कॅक्टस भर वाळवंटातले नसतात, बरेचसे मूळचे झुडपांच्या, गवताच्या आडोशाला वाढणारे. आणि वाळवंटात मुळं जमिनीत असतात, तुमच्याकडे ती काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, तापलेल्या कोब्यावर. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि एप्रिल-मे दुपारपुरती हिरवी जाळी बांधा. पाणी संध्याकाळी उशिरा द्या. कॅक्टसची खोडावरची छिद्रं दिवसा बंद असतात, ती रात्री उघडून हवा आत घेतो, म्हणजे आपण एसी लावतो तेव्हा तो श्वास घेतो म्हणा ना. उन्हाने भाजून पडलेले चट्टे जाणार नाहीत, पण कडक आणि कोरडे असतील तर घाबरायचं कारण नाही. मऊ आणि ओलसर लागले तर वर मानसीताईंना सांगितलेली सुरी काढा.

लाल गोळा असलेला कॅक्टस वर्षभरात खालून सुकतोय, असं का होतं? – सुप्रिया, मिरज

कारण ती दोन झाडं आहेत. वरच्या लाल-पिवळ्या गोळ्यात हरितद्रव्यच नाही, त्याला स्वतःचं अन्न बनवता येत नाही, म्हणून तो हिरव्या कॅक्टसवर कलम केलेला असतो. हा प्रकार जपानमध्ये 1941 साली रोपांत सापडला आणि मग जगभर पसरला. खालचा तीन धारांचा हिरवा दांडा बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला असतो, आणि ड्रॅगन फ्रूट तर तुमच्या सांगली भागात शेतात लावतात. म्हणजे वरच्याला बघून पाणी तोडलंत की खालचा उपाशी. त्याला बाकी कॅक्टसपेक्षा जरा जास्त पाणी लागतं आणि दुपारचं कडक ऊन दोघांनाही सोसत नाही. गोळा अजून टणक असेल तर ड्रॅगन फ्रूटच्या ताज्या कांडीवर परत कलम होतं: दोन्हीकडे सपाट काप, आतली कडी एकमेकांवर थोडी तरी यायला हवीत, वरून कुंडीसकट रबरबँड, आणि आठवडाभर सावली. पावसाळ्यात मात्र करू नका.

फूल येतच नाही हो! आणि नर्सरीत मात्र सगळ्यांना फुलं असतात. – पुण्याहून पत्र

नर्सरीतलं ते कडकडीत, कागदासारखं रंगीत फूल ओढून बघा, खाली गरम गोंद लावलेला सापडेल. वाळवलेली फुलं चिकटवतात.

खऱ्या फुलासाठी पुण्याची थंडी सोन्यासारखी आहे. नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळपास बंद, कुंडी दिवसभर उन्हात, रात्री बाहेरच थंडीत. लोक नेमकं ह्याच दिवसांत प्रेमाने आत आणून पाणी घालतात. मॅमिलेरिया, म्हणजे छोट्या गोल कॅक्टसचा एक प्रकार, असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास डोक्याभोवती फुलांचं कडं धरतो. पिवळ्या काट्यांचा तो मोठा गोल गोल्डन बॅरल असेल तर मात्र छोट्या कुंडीत वाट बघू नका, त्याला वयात यायला वीस-वीस वर्षं लागतात.

सासूबाई म्हणतात काटेरी झाड घरात नको, आणि नवरा म्हणतो कम्प्युटरजवळ ठेव, रेडिएशन ओढून घेतं! – नाव छापू नका

नवऱ्याला सांगा असं काही होत नाही, उलट कम्प्युटरच्या टेबलावर ऊन नसल्याने झाड बारीक, फिकट होऊन लांबत जातं आणि मग ते कधीच परत गोल होत नाही. सासूबाईंशी वाद नको, गच्चीवर ठेवा, कॅक्टसलाही तेच हवंय.

गावी बांधावरच्या फड्या निवडुंगावर कापसासारखं पांढरं आलंय. चिरडलं तर बोटं लालभडक होतात, रक्तासारखी. हा रोग कुंडीतल्या कॅक्टसवर येईल का? – एक वाचक, फलटण

हा रोग नाही, कीड आहे, आणि तिचा इतिहास मजेशीर आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. त्यावरच्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग बनतो, आणि हा धंदा आपल्या हाती यावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1795 ला ब्राझीलहून किडा भारतात आणला. आला तो भलत्याच जातीचा! रंग अगदीच सुमार, पण त्याने दक्षिणेतला निवडुंग फस्त केला. पुढे 1920 च्या दशकात दुसरी एक जात तर मुद्दाम निवडुंग मारायलाच आणली.

तुमच्या कुंडीत फड्याच्या जातीचं काही असेल, म्हणजे ते सशाच्या कानासारखं चपटं झाड, तर त्यावर येऊ शकतो. गोल कॅक्टसवर असं पांढरं दिसलं तर तो बहुधा पिठ्या ढेकूण, चिरडून बघा, एवढा लालभडक रंग निघत नाही. उपाय दोघांनाही सारखाच: पाइपने जोरात पाणी मारा, उरलेले कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपा, आणि हे सगळं संध्याकाळी करा, स्पिरिट लावून उन्हात ठेवलं तर साल भाजते. पिठ्या ढेकूण असेल तर कुंडीतून काढून मुळंही बघा, तिथे पांढरी पूड असेल तर जुनी माती पूर्ण फेकायची. दुसऱ्या कुंडीत टाकायची नाही.