गाठ साधी आहे, हे विमा कंपनीला ठासून सांगू नका

प्रश्न : आम्ही कराडजवळ राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात दोनेक महिने अधूनमधून दुखायचं. गावातल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. मग एका रात्री हिरव्या उलट्या सुरू झाल्या, पोट टम्म फुगलं. तसंच कोल्हापूरला नेलं. आतडं अडकलंय म्हणून पहाटेच ऑपरेशन झालं. आतड्याच्या पडद्यात गाठ निघाली, तिच्यासोबत वीतभर आतडंही काढावं लागलं. रिपोर्टात 'मेझेंटेरिक लिम्फँजिओमा' आलं, कॅन्सर नाही. बिल २ लाख ८६ हजार. पॉलिसीला १४ महिने झालेत. त्याआधी नोकरीतली ग्रुप मेडिक्लेम होती. सात आठवड्यांपूर्वी कंपनीने 'आजार दोन वर्षांपासूनचा आणि जन्मजात' म्हणत क्लेम नाकारला. गाठ साधी असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करू का? गावातल्या डॉक्टरांवर केस होईल का? (सगळ्या कागदांचे फोटो पाठवतोय.)

उत्तर : पोरगं हिंडूफिरू लागलंय, हे तुमच्या पत्रात शेवटी वाचलं आणि बरं वाटलं. आता कागदांकडे वळू.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये सगळ्यात मोलाचा कागद आहे तो अपघात विभागातला, रात्री पावणेदोनचा केसपेपर. त्यावर पोटदुखीपुढे '२/१२' असं खरडलंय. ही डॉक्टरांची लघुलिपी. बाराखाली भागलं की महिने, बावन्नखाली आठवडे, सातखाली दिवस. म्हणजे २/१२ हे दोन महिने झाले, मुलाच्या आईने सांगितलं तेच. पुढे डिस्चार्ज कार्ड टाइप करताना कुणीतरी त्याचं 'दोन वर्षं' करून टाकलं आणि कंपनीने तेवढंच उचललं. दोन वर्षं म्हटलं की दुखणं पॉलिसीच्या आधीचं ठरतं ना!

हे निस्तरायचं कसं? डिस्चार्ज कार्डावर खाडाखोड करून घेऊ नका. दुरुस्त केलेला कागद मूळ चुकीपेक्षा जास्त संशयास्पद दिसतो. ज्या सर्जननी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून वेगळं पत्र घ्या : दाखल होतानाच्या नोंदीत दोन महिने आहे, डिस्चार्ज कार्डात टायपिंगची चूक झाली आहे. सोबत आंतररुग्ण विभागाचे संपूर्ण कागद लेखी अर्ज देऊन मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. नर्सिंगच्या नोंदी, भूलतज्ज्ञांची नोंद यांतही कुठेतरी 'दोन महिने' सापडण्याची शक्यता आहे.

आणि समजा, पोर दोन वर्षांपासून कधीतरी 'पोट दुखतंय' म्हणत होतं, तरीही तेवढ्याने पूर्वीचा आजार ठरत नाही. विमा नियामकाच्या व्याख्येत पूर्वीचा आजार म्हणजे पॉलिसीच्या आधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी त्या काळात वैद्यकीय सल्ला वा उपचार सुचवले किंवा घेतले गेले असा. घरात ओवा-हिंग चोळल्याची नोंद त्यात धरत नाहीत. शिवाय अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईशर दास मदन लाल प्रकरणात ते सांगितलं आहे.

दुसरा आक्षेप जन्मजात असल्याचा. लिम्फँजिओमा हा लसिकावाहिन्यांच्या (शरीरातला लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या) घडणीतला दोष, तो बहुतेकदा जन्मतःच असतो, हे खरं. बहुतांश मुलांत तो मान किंवा काखेत दिसतो. पोटातला विरळा, सगळ्या मिळून पाच टक्क्यांच्याही खाली. पोटातला असला तर वर्षानुवर्षं मुकाट राहतो, मग अचानक आतड्याला पीळ बसतो किंवा दाब येतो. गाठ आणि आतडं यांचा रक्तपुरवठा एकच असल्यामुळे आतड्याचा तुकडाही जातो. पण विम्याच्या भाषेत जन्मजात व्यंगाचे दोन प्रकार आहेत : बाह्य, जे डोळ्यांना दिसतं, आणि आंतरिक, जे दिसत नाही. तुमच्या पॉलिसीच्या पान ११ वर वगळलंय ते 'बाह्य जन्मजात व्यंग'. कंपनीच्या पत्रात मात्र नुसतंच 'जन्मजात'. 'बाह्य' शब्द गाळला आहे. आतड्याच्या पडद्यातली गाठ बाह्य कशी, हे कंपनीनेच सांगावं!

आता तुमच्या दाखल्याच्या कल्पनेकडे येतो, आणि इथे तुम्हाला थांबवायचं आहे. 'गाठ साधी आहे, कॅन्सर नाही' हे बापाच्या मनाला दिलासा देणारं वाक्य आहे. विम्याच्या कागदावर तेच अंगावर येऊ शकतं. पान १० उघडा. पहिल्या २४ महिन्यांत न मिळणाऱ्या उपचारांच्या यादीत मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध यांच्यासोबत एक ओळ आहे : सर्व प्रकारच्या साध्या गाठी, सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या), पॉलिप. तुमच्या पॉलिसीला झालेत १४ महिने. नाकारण्याच्या पत्रात हे कलम आलेलंच नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट कंपनीकडे आहेच, त्यामुळे तुम्ही काही लपवत नाही. पण तिने न मांडलेला मुद्दा दाखल्यावर शिक्का मारून तिच्या हाती देण्याचं काम तुमचं नाही.

उद्या कंपनीला हे कलम आठवलं तर? गलाडा पॉवर (२०१६) आणि सौराष्ट्र केमिकल्स (२०१९) या निकालांनुसार पत्रात न दिलेली कारणं कंपनीला नंतर पुढे करता येत नाहीत. दुसरं उत्तर असं की उपचार झाला तो आतडं अडकल्यावरचा. न केला असता तर मूल वाचलं नसतं. तिसरं, आजच्या वैद्यकीय वर्गीकरणात ही गाठ खऱ्या अर्थाने ट्यूमर नसून घडणीतला दोष धरली जाते. अर्थ दोन निघत असतील तर पॉलिसीधारकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व पुष्पलया प्रिंटर्स (२००४) प्रकरणात आहे. तरी प्रामाणिकपणे सांगतो, तुमची बाजू कुठे लंगडी असेल तर ती इथेच. 'सिस्ट' हा शब्द यादीत आहे आणि लिम्फँजिओमा दिसायला सिस्टच असतो.

म्हणूनच त्या ग्रुप मेडिक्लेमबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत, ते मला खटकलं. नोकरी सोडल्यावर ही पॉलिसी नव्याने काढली, की त्याच कंपनीच्या ग्रुपमधून खंड न पडता वैयक्तिक पॉलिसीत आलात? दुसरं खरं असेल आणि मुलाचं नाव त्या ग्रुपमध्ये असेल, तर तिथली वर्षं २४ महिन्यांतून वजा होतात आणि ती लंगडी बाजू उरतच नाही. जुनं ई-कार्ड, पगारपत्रकातली कपात, आधीच्या एचआरचा मेल, जे सापडेल ते शोधा.

गावातल्या डॉक्टरांविषयी. उपचारांबद्दल ग्राहक आयोगात जाता येतं, १९९५ च्या शांता निकालापासून ते पक्कं आहे. पण मुलांचं पोट दुखणं ही रोजची गोष्ट आणि ही गाठ अत्यंत दुर्मीळ. सोनोग्राफी नसलेल्या दवाखान्यात साधारण कौशल्याच्या डॉक्टरने आधी जंताचा विचार करणं हा निष्काळजीपणा ठरणार नाही. हिरव्या उलट्या सुरू झाल्यावर त्यांनी मुलाला तिथेच झोपवून ठेवलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तुम्ही त्याच रात्री निघालात. फौजदारीचा तर विचारही नको, जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) त्यासाठी ढोबळ निष्काळजीपणाची अट घातली आहे. एक व्यवहाराची गोष्टही आहे : डॉक्टरांवरच्या तक्रारीत रागाच्या भरात 'किती दिवसांचा त्रास' वाढवून लिहिलंत, तर तीच ओळ विमा कंपनी वाचून दाखवेल.

पुढची पावलं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जा. फी नाही, वकीलही चालत नाही (आमच्या पोटावर पाय, पण असो). तिथला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो. मात्र आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल ऐकणार नाहीत, त्यामुळे क्रम उलटा करू नका. आयोगासाठी मुदत दोन वर्षांची. तिथेही तुमच्या हप्त्याच्या रकमेला फी लागत नाही.

अर्जात पान पहिलं लावा ते २/१२ चा केसपेपर, त्याखाली सर्जनचं पत्र, मग पान ११ ची झेरॉक्स, 'बाह्य' या शब्दाखाली रेघ मारून. मूळ केसपेपर मात्र घरीच ठेवा.