हवाईयन गिटारसाठी छोटा अँप कोणता घ्यावा? कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सराव, अधूनमधून सोसायटीच्या गणपतीत वाजवणं.

वॅटपेक्षा आधी स्वच्छ आवाज बघा. स्टीलवर (म्हणजे हवाईयन गिटारवर) सूर लांबवायचा तर व्हॉल्यूम पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) लागतं. सूर विरू लागला की पेडल दाबून तो धरून ठेवायचा. त्यासाठी अँपच्या अंगात ताकद शिल्लक हवी, नाहीतर नेमकं मींडेच्या (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या) टोकाला आवाज फाटतो. म्हणून छोट्या ट्यूब अँपच्या (काचेच्या व्हॉल्व्हवाल्या) नादी लागू नका, तो लवकर फाटतो; ट्रान्झिस्टरवालाच घ्या. पेडल स्टील (पेडलं जोडलेली स्टील गिटार) वाजवणारे पीव्ही नॅशव्हिल ११२ हा अँप नावाजतात (८० वॅट, १२ इंची स्पीकर), पण तुमच्या फ्लॅटला तो डोईजड.

नुसत्या घरच्या सरावाला रोलंड मायक्रो क्यूब जीएक्स पुरे. ३ वॅट, ५ इंची स्पीकर, बॅटरीवरही चालतो. मांडवात मात्र ढोलापुढे तो कुठला ऐकू येणार! दोन्ही एकातच हवं असेल तर ३०-४० वॅट आणि किमान १० इंची स्पीकर. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) हवाच, डिस्टॉर्शनचे (आवाज मुद्दाम फाडण्याचे) वीस प्रकार नकोत. मिड (मधल्या पट्टीच्या आवाजाचं बटण) थोडा उतरवला की तारेचा कर्कशपणा जातो.

दुकानात जाताना स्वतःची गिटार, बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) आणि पेडल न्या. दुकानदार साध्या गिटारवर रॉक वाजवून दाखवतो, त्यावरून स्टीलचं काही कळत नाही.