टायटॅनियमला ‘पाणी देणे’ म्हणावं का?

कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपवर असलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: टायटॅनियमच्या हीट ट्रीटमेंटला आपलं ‘पाणी देणे’ चालेल का, आणि डक्टिलिटी म्हणजे लवचीकता का?

दुसरं आधी. लवचीकता नव्हे. वेताची छडी वाकवून सोडली की सरळ होते, ती लवचीक. डक्टाइल धातू ओढला की तुटण्याआधी लांबतो आणि लांबलेलाच राहतो. ती तन्यता. शब्द पुस्तकी वाटेल, पण ‘तन्’ म्हणजे ताणणे. मिरजेच्या तंतुवाद्यांतला तंतू त्याच मुळाचा.

‘पाणी देणे’ हा मात्र माझा फार आवडता शब्द. तासगावच्या बाजारात लोहार कोयत्याला पाणी देताना मी लहानपणी तासन् तास बघत बसायचो. लालभडक पात्याची फक्त धार पाण्यात बुडवायची, चर्र झालं की काढून विटेवर घासायची. मागची धग पुढे सरकते आणि उजळ धारेवर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो. त्याच क्षणी पुन्हा पाण्यात. पहिल्या पाण्यानं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही; पिवळा रंग ही ठिसूळपणा उतरल्याची खूण. त्यासोबत कडकपणाही थोडा उतरतो.

टायटॅनियमचं इथं उलट आहे. विमानांत आणि हाडांच्या इम्प्लांटमध्ये लागणारा, ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू ९५० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून पाण्यात विझवला, तरी पोलादासारखा टणक होत नाही. तो पुन्हा ५००-५५० अंशांवर काही तास ठेवला की आत अतिबारीक कण तयार होतात, आणि ताकद वाढते ती तेव्हा. नुसत्या ॲनील केलेल्या, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेल्या मालाची ताणशक्ती (तुटण्याआधी सोसता येणारा ताण) साधारण ९५० मेगापास्कल. या दोन पायऱ्यांनंतर ती ११०० च्या घरात जाते. मोबदला तन्यतेत द्यावा लागतो: तुटेपर्यंतची वाढ १४ टक्क्यांवरून १० च्या आसपास येते.

तेव्हा पहिल्या पायरीला ‘पाणी देणे’ खुशाल म्हणा. दुसरीला शॉपवर ‘एजिंग’ म्हणतात. मी ‘मुरवणे’ म्हणेन. ठरावीक उबेत, ठरावीक वेळ, आतल्या आत होणारा बदल लोणच्याच्या बरणीपासून आपल्याला ओळखीचा आहे. भट्टीवरच्या माणसाला ‘पाणी देऊन मुरवायचं’ असं पूर्ण सांगा. नुसतं ‘पाणी दे’ म्हणालात, तर तो कोयत्याच्या हिशेबानं पाण्यातून काढलेला जॉब तयार समजेल.