पर्कीपमध्ये नाती कशी बांधायची

पर्कीप हे फाइल्स आणि फोटो कायमचे जपून ठेवायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात फोटो-अल्बमसारखी नाती जोडताना सुरुवातीला एक गोष्ट टाळा: फोटोचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) थेट अल्बममध्ये गुंफू नका. फोटोत एक बाइट बदलला की हॅश बदलतो, आणि अल्बम जुन्याच प्रतीकडे बोट दाखवत बसतो. आधी परमानोड करा. तो म्हणजे सही केलेला, कोरा पण कायमचा पत्ता. फाइल त्याला ‘कॅमलीकंटेंट’ या गुणधर्माने जोडा, प्रत बदलली तर फक्त नवा क्लेम (बदलाची सही केलेली नोंद) लिहायचा.

अल्बमलाही स्वतःचा परमानोड द्या आणि त्यात प्रत्येक फोटोचा परमानोड ‘कॅमलीमेंबर’ म्हणून घाला. इथे हमखास घोळ होतो. गुणधर्म लिहायच्या आज्ञेला, म्हणजे ‘पीके-पुट अ‍ॅट्र’ला ‘--अ‍ॅड’ लावलं नाही तर मूल्य भर न पडता बदलतं, आणि चाळीस फोटोंच्या अल्बममध्ये शेवटचा एकच उरतो. घाबरू नका, जुने क्लेम पुसले जात नाहीत. फोटो ‘--अ‍ॅड’ने परत घाला.

नात्याची नोंद एकाच बाजूला ठेवा. फोटोवर ‘माझा अल्बम’ असं उलटं लिहिलंत तर दोन्हीकडचं जुळवत बसाल. उलट दिशेचा शोध इंडेक्स (शोधासाठी बनवलेली सूची) घेतोच. मात्र ‘लेखक’सारखं स्वतःचं नातं केलंत तर शोधताना कडीचा, म्हणजे नात्याचा, प्रकार नाव घेऊन सांगा, नाहीतर शोध फक्त ‘कॅमलीमेंबर’ आणि ‘कॅमलीपाथ’ (नाव देऊन जोडलेला दुवा) बघतो.

इंडेक्स ब्लॉब्समधून (साठवलेल्या मूळ डेटाच्या तुकड्यांतून) पुन्हा बांधता येतो, सहीची किल्ली नाही. तिची प्रत आधी काढा.