पूरबांध 'शंभर वर्षांच्या पुराला पुरेल' असं सांगतात, त्यावर किती विश्वास ठेवावा?

तुम्ही विचारलंय की त्रिभुज प्रदेशातल्या दाट वस्तीभोवतीचे बांध भरवशाचे आहेत हे ठरवतात कसं, आणि 'शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराला पुरेल' या आश्वासनाचा अर्थ काय घ्यायचा. अर्थ एवढाच, की बांधापेक्षा मोठा पूर यायची शक्यता दरवर्षी १ टक्का. ३० वर्षं तिथे राहिलात तर ती २६ टक्क्यांच्या आसपास जाते. तीसुद्धा बांध स्वतः शाबूत राहील असं धरून. सगळी मेख तिथेच आहे.

बांधाखालची माती तपासणं हे माझं काम, त्यामुळे माझा कल आधीच कबूल करतो: बांधाची उंची मला फारसं काही सांगत नाही. ती मोजायला सोपी असते आणि फोटोत छान दिसते, म्हणून सगळे तीच विचारतात. २००५ साली कतरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समधल्या सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याची भिंत पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोचायच्या आधीच गेली. भिंत किंचित कलली, तिच्या आणि मातीच्या मधे फट पडली, फटीत पाणी शिरलं आणि खालच्या मऊ चिकणमातीवरून अख्खा तुकडा सरकला. भिंतीची उंची पुरेशी होती, पण त्याने काय फरक पडला?

दुसरा प्रकार जास्त फसवा. पूर चढलेला असताना बांधाच्या आतल्या, म्हणजे वस्तीच्या बाजूला, पायथ्याशी, एखाद्या शेतात पाण्याचा झरा उकळताना दिसतो. पाणी नितळ असेल तर नजर ठेवायची. भोवती बारीक वाळूचं वारूळ जमत असेल तर समजायचं की पाणी बांधाखालून वाळू ओढून आणतंय आणि पाया पोखरला जातोय. नवखी माणसं पोती टाकून झरा बुजवायला धावतात. तसं केलं की तो चार पावलांवर दुसरीकडे फुटतो. त्याच्याभोवती पोत्यांचं कडं रचायचं आणि आत पाणी चढू द्यायचं. त्या साचलेल्या पाण्याचा दाब वाळूला थोपवतो. (गंगेवरचा नरोऱ्याचा बंधारा १८९८ मध्ये असाच खालून गेला. पायाखालून पाझरणाऱ्या पाण्याची वाट पुरेशी लांब ठेवा, हा ब्लाय या इंजिनिअरचा १९१० चा नियम पुढे डच लोकांनीही कित्येक दशकं वापरला.)

आता लांबीचं गणित. समजा, एक किलोमीटर बांध फुटण्याची शक्यता वर्षाला हजारात एक. ऐकायला बरं वाटतं. पण बांध ५० किलोमीटरचा असेल आणि प्रत्येक किलोमीटरचं नशीब वेगळं असेल, तर कुठेतरी फुटण्याची शक्यता जवळजवळ ५ टक्के होते. त्रिभुज प्रदेशात तर नदीने शेकडो वेळा पात्र बदललेलं असतं. आम्ही माती तपासायला दोन ठिकाणी बोअर घेतो, दोन्हीकडे चांगली चिकणमाती लागते, आणि मधेच जुन्या प्रवाहाचा वाळूने भरलेला पट्टा निसटतो.

पूर नसतानाही बांध जातात. नेदरलँड्समधल्या विल्निसचा बांध २००३ च्या ऑगस्टमध्ये ऐन कोरड्यात सरकला. तो कुजक्या वनस्पतींच्या हलक्या मातीचा होता. वाळून आणखी हलका झाला आणि कालव्याच्या पाण्याने त्याला ढकललं. बांधातले पाणी अडवणारे दरवाजे आणि आतलं पाणी उपसणारे पंप यांचं वेगळंच: ते ऐनवेळी चालतील का, याचीही शक्यता हिशोबात धरावी लागते, आणि ती बहुतेक अहवालांत धरलेलीच नसते.

बांध फुटल्यावर काय होईल, हा भरवशाचाच भाग आहे. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून किनाऱ्यालगतची बेटं बांधांनी वेढली. भरतीचा गाळ आत येणं थांबलं आणि जमीन बाहेरच्यापेक्षा मीटर-दीड मीटर खोल राहिली. २००९ च्या आयला वादळात ३२ नंबरच्या पोल्डरचे (अशा बांधांनी वेढलेल्या जमिनीला पोल्डर म्हणतात) बांध फुटले, तेव्हा जवळजवळ दोन वर्षं रोज दोनदा भरती घराघरांतून आत-बाहेर करत होती. बांध तोच असला तरी आत माणसं वाढली आणि जमीन खचली की तो पूर्वीइतका पुरेसा राहत नाही. डच कायद्याने २०१७ पासून म्हणूनच 'किती उंच पाणी' हा निकष सोडून 'पूर येण्याची शक्यता किती' हा धरला. बांधामागे राहणाऱ्या कुणाचाही पुराने मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकापेक्षा जास्त नको, हा त्यातला किमान दंडक.

तेव्हा संबंधित खात्याला उंची विचारू नका. शेवटचे बोअर कधी आणि किती अंतरावर घेतले, माथ्याची पातळी शेवटची कधी मोजली, दरवाजा मागच्या वर्षी प्रत्यक्ष बंद करून पाहिला का, हे विचारा. आणि पुराच्या रात्री बॅटरी घेऊन आतल्या पायथ्याने चालणारी माणसं ठरलेली आहेत का, हेही.