धुक्यात लाईट वाढवायची की खाली घ्यायची?

पावसाळा तोंडावर आला की मोटरसायकलच्या हेडलाईट आणि फॉग लाईटचेच प्रश्न जास्त येतात, म्हणून या वेळी सगळे तेच घेतलेत.

प्रश्न (सातारा): दादा, माझी जुनी 100 सीसी गाडी आहे. कास रोडला हॉटेलात कामाला आहे, रात्री उशिरा सुटतो आणि यवतेश्वर घाट उतरून साताऱ्यात येतो. पावसाळ्यात धुकं एवढं की कठडा दिसत नाही, आणि हाय बीम मारला तर होतं तेही दिसायचं बंद होतं. मित्र म्हणतो 100/90 चा (हाय बीम 100, लो बीम 90 वॅट) बल्ब टाक, दुकानदार म्हणतो 40 वॅटची फॉग लाईटची जोडी घे. काय करू?

उत्तर: भाऊ, 100/90 आधी डोक्यातून काढा. तुमच्या गाडीला कंपनीचा बल्ब 35/35 वॅटचा असतो, होल्डर, वायर, स्विच सगळं त्याच मापाचं. लोक बल्बचा पत्रा घासून मोठा बल्ब बसवतात, मग होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो आणि होता तो उजेडपण जातो. त्यात जुन्या 100 सीसी गाड्यांची हेडलाईट बऱ्याचदा बॅटरीवर नसतेच, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालते. गाडी आयडलला सोडून भिंतीवर लाईट मारा, मंद झाली आणि रेस केल्यावर उजळली की कॉइलवरचीच समजा. अशा गाडीत बल्ब कितीही मोठा घाला, कॉइल जेवढं देते तेवढंच मिळणार. वळणावर स्लो झालात की अंधार वाटतो तो त्यामुळेच.

आता धुक्याचं. धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब, हाय बीम सरळ समोर जातो, त्या थेंबांवर आपटतो आणि परत तुमच्याच डोळ्यात येतो, म्हणून समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथं वॅट वाढवले तर ती भिंतच जास्त उजळणार, रस्ता नाही! म्हणून धुक्यात कायम लो बीम. आणि फॉग लाईट लावायची ती खाली, क्रॅश गार्डच्या खालच्या नळीवर, झोत रुंद आणि चपटा, वरची कडा सुरीनं कापल्यासारखी. लाईट डोळ्यांपासून जेवढी खाली तेवढा परत येणारा उजेड कमी, आणि रस्त्याची कड, पांढरी पट्टी, कठड्याचा पाया हे दिसायला लागतं. आरशाच्या बोल्टला जी छोटी गोल लाईट लावतात ती फॉग लाईट नव्हेच, ती लांब झोत फेकणारी असते, धुक्यात ती हाय बीमसारखाच त्रास देते.

पिवळी की पांढरी, हे सगळेच विचारतात. पिवळा रंग धुकं फाडतो असं सांगून विकतात ते खरं नाही, धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पण 3000 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, डोळ्यांना चमक कमी वाटते, ओल्या डांबरावर 6500 च्या पांढऱ्याशार लाईटीपेक्षा ती मला बरी वाटते, म्हणून मी पिवळीच घ्या म्हणेन. फक्त 40 वॅटची जोडी नको. तुमच्या गाडीची बॅटरी 3-4 अँपियर-अवरची, चार्जिंगही बेताचं, त्यात सव्वातीन अँपियर ओढलं तर सकाळी सेल्फ लागायचा नाही. 10-10 वॅटच्या दोन चांगल्या एलईडी घ्या, दोन अँपियरच्या आत काम होतं.

फिटिंग करताना समोर उभे राहा. प्लस थेट बॅटरीवरून, बॅटरीच्या अगदी जवळ 5 अँपियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या (कमी करंटवर जास्त करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) 30 नंबरला, 87 वरून लाईटीला, 85 अर्थिंगला आणि 86 ला हँडलवरच्या स्विचची वायर. स्विचला सप्लाय किल्लीनंतरचा घ्या म्हणजे किल्ली काढली की लाईट बंद. वायरी पिळून टेप गुंडाळणाऱ्याला आपल्याकडच्या पावसात गाडी देऊ नका, जॉइंट क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) पाहिजे. हँडलच्या मानेपाशी वायर थोडी सैल सोडायला लावा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, वायर तिथंच दबते आणि महिन्या-दोन महिन्यांत शॉर्ट होते.

आणि हो, हेल्मेटची काच. ओरखडे पडलेली किंवा काळी काच असेल तर आधी ती बदला, लाईटीचा खर्च त्यानंतर.

प्रश्न (वाळवा तालुका, सांगली): माझ्याकडे 350 सीसी गाडी आहे. कारखाना सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, जवळ गेल्यावरच दिसतात. म्हणून हेडलाईटला एलईडी बल्ब घातला, उजेड पांढराशुभ्र पडतो पण लांबचं दिसत नाही आणि समोरचे सगळे डिपर मारतात. असं का?

उत्तर: कारण तुमचा रिफ्लेक्टर हॅलोजनच्या बल्बसाठी बनवलेला आहे. एच4 बल्बमध्ये (हाय-लो दोन्ही असलेला हॅलोजन बल्ब) फिलामेंट ठरलेल्या जागी असते, लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते, सगळं गणित त्या जागेवर. एलईडी बल्बच्या चिप त्या जागी नेमक्या बसत नाहीत, मग झोत फुटतो, गाडीपुढचा रस्ता लख्ख होतो आणि लांबवर काही पोचत नाही. जवळ लख्ख असलं की डोळा त्याला सरावतो आणि अंधारातली ट्रॉली अजूनच उशिरा दिसते. डिपर मारणाऱ्यांचं बरोबर आहे, त्यांना खरंच काही दिसत नसतं.

चांगल्या कंपनीचा 60/55 चा हॅलोजन परत घाला आणि मल्टिमीटर घेऊन व्होल्टेज बघा. गाडी चालू ठेवून, लाईट लावून बॅटरीवर किती आणि बल्बच्या होल्डरवर किती. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर रिले टाका, कारण हॅलोजनला व्होल्टेज 10 टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण 30 टक्के कमी होतो. रिलेचा खर्च फार नाही आणि फरक पहिल्याच रात्री दिसतो. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून बल्ब लवकर जातो.

मग लाईट सेट करा, हे फुकटचं काम कोणी करतच नाही. भिंतीपासून 5 मीटरवर सपाट जागी गाडी, टायरात हवा बरोबर, तुम्ही वर बसलेले. हेडलाईटच्या मध्याची उंची टेपने मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा, लो बीमची वरची कडा त्या रेघेच्या साधारण 7 सेंटीमीटर खाली आली पाहिजे. लाईट 90 सेंटीमीटर उंचीवर असेल तर झोत साठेक मीटरवर रस्त्याला टेकतो. रोज डबलसीट जात असाल तर मागच्याला बसवूनच सेट करा, मागं वजन आलं की पुढचा झोत वर जातो.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचा ट्रॅक्टर असेल तर हात जोडून सांगतो, ट्रॉलीच्या मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, उसाने झाकणार नाही अशी खाली.

प्रश्न (मिरज): फॉग लाईट लावली तर पोलीस पकडतात का?

उत्तर: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरच्या बदलाला आडवं येतं, म्हणून तुमच्या मॉडेलला कंपनीची अॅक्सेसरी मिळत असेल तर तीच घ्या, बिल जपून ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 106 असं सांगतो की झोत खालीच वळलेला पाहिजे, 8 मीटरवर दीड मीटर उंचीला असलेल्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. लाल-निळ्या फ्लॅशर अजिबात नकोत. गावात शिरलात की फॉग लाईट बंद.

प्रश्न (पाटण): हेडलाईटच्या आत वाफ धरते, काच काढून पुसू का?

उत्तर: थोडी वाफ असेल आणि लाईट लावल्यावर जात असेल तर काही करू नका. पाणी साठत असेल तर बल्बमागचं रबर बूट बघा, फाटलेलं किंवा उलटं बसलेलं असतं, नवीन टाका. आतला रिफ्लेक्टर मात्र फडक्याने पुसू नका, त्याचा चकचकीत थर फडक्याबरोबर निघून येतो आणि मग अख्खं हेडलाईट बदलावं लागतं.