ग्रामपंचायतीचा १० टक्के महिला-बालकल्याण निधी अंगणवाडीसाठी कसा मिळवायचा?

तुमचा प्रश्न असा: गावात दोन अंगणवाड्या आहेत. एकीचं छत पावसाळ्यात गळतं, दुसरीला शौचालय आहे पण पाणी नाही, आणि दोन्हीकडे खेळणी, चटया काहीच धड नाही. ग्रामपंचायतीत विचारलं की "निधी नाही" एवढंच उत्तर मिळतं. १० टक्के महिला-बालकल्याण निधी असतो असं ऐकलंय, तो नक्की किती असतो आणि मिळवायचा कसा? शिवाय गावात वडील वारलेली दोन मुलं आहेत, त्यांना या निधीतून मदत मिळेल का?

"निधी नाही" हे उत्तर बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. ग्रामपंचायतीचा गल्ला एक नसतो. घरपट्टीचा पैसा वेगळा, वित्त आयोगाचा वेगळा, आरोग्य खात्याकडून गावच्या समितीला येणारा वेगळा, आणि प्रत्येकाच्या अटीही वेगळ्या. "अंगणवाडीसाठी काहीतरी करा" असं तोंडी सांगितलं की कुठल्याच खात्याला ते लागू पडत नाही आणि माणूस हात हलवत परत येतो. म्हणून आधी गरजा सुट्या करा. छत, पाणी आणि खेळणी ही तीन कामं आहेत आणि तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या ठिकाणाहून येतो.

आधी १० टक्क्यांचं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून किमान १० टक्के महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं, दाखल्यांची फी. सरकारी अनुदान यात धरत नाहीत. आता इथे एक मेख आहे. समजा वर्षाची मागणी, म्हणजे आकारलेला एकूण कर, ९ लाखांची आहे आणि वसुली झाली ६ लाख ४० हजार. अंदाजपत्रकात या शीर्षाखाली ९० हजार दिसतील, पण प्रत्यक्षात हातात ६४ हजारच असतील. म्हणून ग्रामसेवकांशी (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) बोलताना प्रत्यक्ष वसुलीचा आकडा विचारा आणि त्यावर हिशेब करा. तिथूनच खरी चर्चा सुरू होते. लहान गावात वसुली दोन लाख असेल तर हा निधी वीस हजारच निघेल. त्यात छत होणार नाही हे आधीच कळलेलं बरं.

दुसरी अडचण वेळेची. घरपट्टीची निम्मी-अधिक वसुली फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पैसा हातात येतो तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं, आणि मग मार्चअखेर घाईत प्लास्टिकच्या खुर्च्या, भांडी किंवा हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची वाणं घेऊन खर्च दाखवला जातो. कागदावर १० टक्के पूर्ण होतात, अंगणवाडीतली मुलं मात्र फाटक्या सतरंजीवरच. यावर उपाय एकच: काय घ्यायचं हे डिसेंबरमध्येच ठरलेलं असलं पाहिजे, म्हणजे मार्चमध्ये पैसा आला की फक्त खरेदी उरते.

त्यासाठी सेविकेसोबत बसून एका पानावर यादी करा. पटावर किती मुलं, त्यातली तीन ते सहा वयाची किती, सध्या कोणती वस्तू आहे, कोणत्या अवस्थेत आहे, किती हवी. नुसतं "खेळणी" लिहू नका. "लाकडी ठोकळे २ संच, मण्यांची माळ ओवण्याचा संच ४, मोठ्या चित्रांची पुस्तकं १५, धुता येणारी चटई ६ बाय ४ फूट, ५ नग" असं लिहा. मोघम मागणीवर मोघम बिल येतं, आणि नंतर माल तपासायला आधार राहत नाही. वजन-उंचीची साधनंही पाहून घ्या: तान्ह्या बाळाचा वजनकाटा, मोठ्यांचा काटा, झोपवून लांबी मोजायची पट्टी आणि उभं राहून उंची मोजायचं साधन, अशी चार असतात. यातलं एखादं बंद असेल तर ते खेळण्यांच्याही आधी. काटा चुकीचा असला तर कुपोषित मूल पोषण ट्रॅकरवर (सेविका नोंदी भरते त्या सरकारी ॲपवर) साधारण श्रेणीत दिसतं आणि त्याला मिळायला हवा तो वाढीव आहार मिळतच नाही. मात्र ही साधनं एकात्मिक बालविकास विभागाकडून पुरवली जातात. त्यामुळे आधी पर्यवेक्षिकेमार्फत प्रकल्प कार्यालयाकडे लेखी मागणी करा. तिकडून येणार असेल तर पंचायतीचा पैसा त्यावर घालवू नका.

आता पाणी आणि शौचालय. इथे १० टक्क्यांना हात लावायची गरजच नाही. १५ व्या वित्त आयोगात (२०२०-२१ ते २०२५-२६) ग्रामपंचायतीच्या अनुदानाचे दोन भाग होते. २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचे. अंगणवाडीचा नळ, टाकी, जोडणी ही कामं पाण्याच्या बंधित भागात बसतात, शौचालयाची दुरुस्ती स्वच्छतेच्या भागात. गंमत अशी की बऱ्याच पंचायतींत बंधित रक्कमच खात्यावर पडून असते, कारण सगळ्यांचा डोळा अबंधितवर असतो. गटार, रस्ता, पेव्हर ब्लॉक त्यातून होतात. तेव्हा "बंधितमधून अंगणवाडीला नळजोडणी" असं नेमकं मागितलं तर नाही म्हणायला कारण फारसं उरत नाही. २०२६-२७ पासून १६ व्या वित्त आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे खात्यावरची रक्कम कोणत्या आयोगाची आणि कोणत्या भागातली, हे आधी विचारून घ्या. याशिवाय केंद्राच्या सक्षम अंगणवाडी व पोषण २.० मध्ये शौचालयासाठी ३६,००० आणि पाण्याच्या सोयीसाठी १७,००० रुपये असे दर ठरवले आहेत. ते पैसे बालविकास प्रकल्पाकडून येतात. तुमच्या अंगणवाडीचं नाव त्या प्रस्तावात आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे विचारा. असेल तर पंचायतीने त्याच कामावर पुन्हा खर्च दाखवायचा नाही. एकच काम दोन ठिकाणी दाखवणं हा लेखापरीक्षणातला नेहमीचा आक्षेप आहे, आणि त्याचा फटका पुढच्या वर्षी मुलांनाच बसतो.

अबंधित निधी राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या विषयांवर खर्च करता येतो. महिला व बालविकास हा त्या यादीतला २५ वा विषय आहे. पण पगार आणि आस्थापना खर्च त्यातून चालत नाही. "एक जादा बाई नेमा, मानधन वित्त आयोगातून द्या" ही मागणी बऱ्याच गावांत होते आणि तिथेच अडते. ती करू नका.

छत हे सगळ्यात अवघड. इमारत बहुधा जिल्हा परिषदेच्या मालकीची असते, त्यामुळे सरपंचाने मनात आणलं तरी परस्पर पत्रे बदलता येत नाहीत. क्रम असा: सेविकेचं लेखी पत्र आणि गळतीचे तारखेसह फोटो, मासिक सभेचा ठराव, मग पंचायत समितीच्या बांधकाम विभागातल्या अभियंत्याकडून पाहणी आणि खर्चाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, आणि शेवटी बिल. बहुतेक प्रकरणं तिसऱ्या पायरीवर अडकतात, कारण अभियंत्याकडे तोंडी निरोप जातो. पत्र आवक नोंदवहीत नोंदवून क्रमांक घ्या आणि पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने स्मरणपत्र द्या. गळती किरकोळ असेल तर दुरुस्ती करा. स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर दुरुस्तीत पैसा घालू नका. मुलांना आधी समाजमंदिरात किंवा शाळेच्या खोलीत हलवा आणि इमारत निर्लेखित करण्याचा, म्हणजे अधिकृतपणे वापरातून बाद करण्याचा, प्रस्ताव द्या. जुनी इमारत निर्लेखित झाल्याशिवाय त्याच जागेवर नवी मंजूर होत नाही, आणि हे काम महिनोन्‌महिने रेंगाळतं. नव्या इमारतीसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत १२ लाखांचं गणित आहे: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगातून, २ लाख महिला व बालविकासाकडून. तीन ठिकाणचे पैसे एका कामात आणायचे म्हटल्यावर एक हप्ता रखडला की भिंती चौकटीपर्यंत येऊन थांबतात. मंजुरीच्या वेळी कोणता दर आणि कोणती विभागणी चालू आहे, हे प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्या. जागेचा आठ अ किंवा सातबारा पंचायतीच्या किंवा शासनाच्या नावावर आहे ना, तेही आधीच बघा. दानपत्र नुसतं तोंडी असेल तर मंजूर झालेलं कामही परत जातं.

आणखी एक लहान निधी आहे, ज्याची आठवण फार कमी जणांना असते. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो. काट्याची दुरुस्ती, पाण्याची गाळणी, हात धुण्याची सोय असल्या छोट्या गोष्टी यातून चटकन होतात. तुमचं गाव पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात असेल (राज्यातल्या १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे) तर आदिवासी घटक कार्यक्रमातला ५ टक्के अबंध निधी थेट गावाला येतो आणि त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा स्वतंत्र भाग आहे. तिथे ग्रामसभा ठरवते, म्हणून तिथे तुमचं काम सोपं आहे.

हे सगळं ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात आलं पाहिजे. वित्त आयोगाचा एकही रुपया आराखड्यात नसलेल्या कामावर निघत नाही, कारण बिल ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर त्या कामाच्या नावाने काढावं लागतं. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्या ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे ठराव मांडा, सूचक-अनुमोदक दोन्ही महिला असू द्या, आणि काम, ठिकाण, अंदाजे रक्कम, कोणत्या निधीतून, ही चारही माहिती ठरावात येऊ द्या. आराखड्यात 'बालस्नेही गाव' ही एक स्वतंत्र संकल्पना आहे, त्याखाली ही कामं बसतात. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला चार माणसांत सगळं उरकतं, म्हणून पहिल्याच सभेला बायकांना घेऊन जा. सभा संपल्यावर इतिवृत्तात ठराव जसाच्या तसा लिहिलाय का ते वाचा. "अंगणवाडीबाबत चर्चा झाली" एवढंच लिहिलं असेल तर तो ठराव नव्हे. १० टक्क्यांचं मात्र पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात, म्हणजे नमुना १ मध्ये, यायला हवं. ते डिसेंबर-जानेवारीत तयार होतं. ती वेळ हुकली असेल तर नमुना २ खाली पुनर्विनियोजन, म्हणजे अंदाजपत्रकातल्या रकमेची फेरवाटणी, करता येतं, त्यासाठी मासिक सभेचा ठराव लागतो.

खर्च झाला की नाही हे घरबसल्या पाहता येतं. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर वर्ष, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. मात्र तिथे १० टक्क्यांचा हिशेब नीट सापडत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा: 'जोडपत्र अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच. मागायचं काय, तर मागच्या दोन वर्षांची प्रत्यक्ष वसुली, महिला व बालकल्याण शीर्षाखालच्या नमुना ५ मधल्या रोकडवहीच्या नोंदी, त्यांची प्रमाणकं (व्हाउचर), आणि साठा नोंदवहीची पानं. मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पंचायतीच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील. पण माझा सल्ला असा की अर्ज पहिल्या दिवशीच टाकू नका. आधी साध्या पत्राने हिशेब मागा. सेविकेला रोज याच पंचायतीकडे जावं लागतं, तिच्या अडचणी वाढतील असं काही करू नये. अर्ज करायचाच झाला तर तो गावकऱ्याने करावा, तिने नाही. खरेदी झाल्यावर वस्तू अंगणवाडीच्या साठा नोंदवहीत चढल्या का आणि सेविकेची सही वस्तू मोजून घेतली का कोरी घेतली, हे बघा. सही आधी आणि माल नंतर, हा प्रकार सर्रास चालतो.

राहिली ती दोन मुलं. त्यांना १० टक्क्यांतून दरमहा मदत मिळणार नाही, आणि त्यासाठी सरपंचाच्या मागे लागून वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात दोन योजना आहेत. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात, आदेश बालकल्याण समिती देते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात दरमहा ४,००० मिळतात, पण ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० च्या आत लागतं, शहरी भागात ९६,००० च्या. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत, म्हणून उत्पन्न बसत असेल तर आधी दुसरीचं विचारा. कागद साधारण हे: मुलांचं आणि आईचं आधार, वडिलांचा मृत्यू दाखला, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक आणि घरासमोर आईसोबत मुलांचा फोटो. खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, थेट लाभासाठी बँकेत आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद, झालेलं लागतं. मंजूर झालेले पैसे अडकण्याचं हे नेहमीचं कारण. मूल पाच किंवा पंधरा वर्षांचं झालं असेल तर आधारचं बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. गावच्या बाल संरक्षण समितीचा ठराव जोडला तर गृहभेटीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं काम लवकर होतं. अर्ज दिल्याची पोच घ्या, आणि नाकारला तर कारण लेखीच मागा.